जावई येणार आहेत, चपला जिन्यात नकोत

बाई,

काल तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवण आटोपलं, पानं उचलली गेली आणि हात पुसता पुसता नानामामा माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “चला दिलीपराव, सुटलात एकदाचे.”

सुटलात! तुमच्या सख्ख्या भावाच्या तोंडचा शब्द. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असतात, “नाना, तू कधी आला होतास रे अडकायला?” मला असलं वेळेवर सुचत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी नुसतं “हं” केलं आणि पाण्याचं भांडं घेऊन आत गेलो. ओट्यापाशी उभं राहून ते पाणी प्यालो आणि मग मला राग आला. नानांचा नाही, तुमचा. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, बाई, आणि ते तुम्ही सोडून गेलात, मी नाही.

मी तुमचा जावई. घरजावई. हा शब्द तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही, पण बाकी शनिवार पेठेनं त्याची उणीव कधी भासू दिली नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला मुलगा मी. वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आईवडील गावी गेले. नेमकं त्याच सुमारास मेधाचे वडील गेले. मेधा एकुलती एक, तुम्ही एकट्या. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं, चार माणसांत. “सहा महिने इथे राहू, मग बघू,” असं मीच म्हणालो होतो. संध्याकाळी एक भिजलेली बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलो. तुम्ही दार उघडलंत, बॅगेकडे बघितलंत आणि म्हणालात, “पायपुसणं डाव्या बाजूला आहे.” त्या सहा महिन्यांत आमची सई जन्मली, शिकली आणि आता नोकरीलाही लागली.

तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात, सगळं गाव तुम्हाला ‘बाई’ म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणत आलो. ‘आई’ म्हणायला जीभ वळली नाही. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून ‘दिलीपराव’. आणि काय तो मान! पहिला चहा मला. कडेची धपाटी मेधाला, मधली मऊ मला. पंख्याचं तोंड माझ्याकडे. एवढ्या वर्षांत तुम्ही मला एक काम सांगितलं नाहीत, एक शब्द वाकडा बोलला नाहीत. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. नशीब कसलं? स्वतःच्या घरात मी कधी बनियनवर फिरलो नाही. सोफ्यावर आडवा झालो नाही. वर्तमानपत्र वाचून झालं की घडी घालून ठेवायचो, लॉजमध्ये ठेवतात तशी. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात ना? माझी अक्कल कधीच गेली होती. मी तेवढा पाहुणाच राहिलो होतो.

आणि मग दर तीन वर्षांनी तो धोंड्याचा महिना.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. बायकोच्या माहेरी जायला आमचे मित्र त्या दिवशी नवा शर्ट घालून निघायचे. मी कुठून निघणार? मी तर सकाळी तुमच्याच नळाखाली आंघोळ केलेली. पण तुम्ही हार मानणाऱ्यातल्या नव्हे. पहिल्याच धोंड्याला म्हणालात, “दिलीपराव, कपडे करा आणि खाली जाऊन या.” कुठे जाऊन येऊ? “कोपऱ्यापर्यंत. अकराला या.” मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशीच उभा. अकराला जिना चढायला लागलो, तर प्रत्येक मजल्यावर दारं उघडी आणि दारात माणसं. साठेकाकू, देशपांडे, सगळे. बघतायत. कोणी मान डोलावतंय, कोणी पदराआड हसतंय. तिसऱ्या मजल्यावर, उघड्या दारात, तुम्ही ठेवणीतली साडी नेसून उभ्या. “या, या. घर सापडलं ना?”

दर वेळी हाच प्रश्न. दर वेळी मी उत्तर न देता आत शिरायचो.  मला वाटायचं, ही बाई दर तीन वर्षांनी सगळ्या बिल्डिंगीला साक्षीला ठेवून मला आठवण करून देते, की बाबा रे, तू बाहेरचा आहेस.

हे मी तुम्हाला एकदाच बोलून दाखवलं, आणि तेही कुठे? भूतानमध्ये, एका परक्या चुलीपाशी.

ती सहल तुमचीच हौस. “आयुष्यभर फळ्यावर भूतान काढला. राजधानी थिंफू, डोंगराळ प्रदेश, मुख्य व्यवसाय शेती. आता एकदा बघून घेते की खोटं तर शिकवलं नाही.” विमानाचं नाव काढलं तर म्हणालात, “विमानातून भूगोल दिसत नाही. ढग दिसतात.” झालं. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात आमची गाडी निघाली. मी स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी मांडीवर नकाशा घेऊन, मागे मेधा, आठवीतली सई आणि दशम्या, मेतकूट, लाडू, छोटा कुकर असा अर्धा संसार. नागपूर, रायपूर, झारखंड, बंगाल. मोबाइलमधली बाई “डावीकडे वळा” म्हणायची आणि तुम्ही “तिला काय कळतंय?” म्हणायचात. कितीतरी दिवस त्या डब्यात आपण दोघं खांद्याला खांदा लावून बसलो, बाई. घरात निदान मधे एक भिंत असायची. जबलपूरचा फाटा येईतो मी ठरवून टाकलं होतं, की परत गेल्यावर धायरीला फ्लॅट बघायचा आणि सुटायचं. फ्लॅट बघूनही ठेवला होता, खरं म्हणजे. मेधाला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस तेवढं बाकी होतं.

मग ती कमान आली. कमानीच्या अलीकडे जयगाव, म्हणजे आपलंच सगळं, हॉर्न, पिचकाऱ्या, धक्काबुक्की. पलीकडे फुंत्शोलिंग. एका कमानीनं एवढा फरक पडतो हे मला भूगोलाच्या पुस्तकात कोणी सांगितलं नव्हतं. आवाजच बंद. रस्ता ओलांडायला माणूस पाय पुढे टाकतो आणि गाड्या थांबतात. मी सवयीनं हॉर्न वाजवला तर सगळे वळून बघायला लागले. रागानं नाही, काळजीनं. याला काही होतंय का? तुम्ही नकाशावरून मान वर न करता म्हणालात, “दिलीपराव, लक्ष्मी रोड संपला.”

परवान्याचे सोपस्कार उरकून आपण घाट चढायला लागलो आणि धुक्यात, पावसात, थिंफूच्या निम्म्या वाटेवर पुढची दरड खाली आली. मागे फिरावं म्हटलं तर थोड्या वेळानं मागेही एक आली. आगीतून फुफाट्यात म्हणतात, आपण चिखलातून चिखलात. पुढे रस्ता नाही, मागे रस्ता नाही, गाडीत चौघं आणि काचा धुरकटलेल्या. सई म्हणाली, “आजी, वी आर स्टक.” तुम्ही म्हणालात, “मराठीत सांग, म्हणजे जरा कमी वाटेल.”

वरच्या बाजूच्या घरातून तो कर्मा उतरून आला. गुडघ्यापर्यंतचा झगा, पायांत गमबूट. मोडक्या हिंदीत म्हणाला, वर चला, रस्ता दोन-तीन दिवस उघडत नाही. दुसरा इलाज नव्हता. घर मोठं, लाकडी, दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर पुरुषाचं जे काही रंगवलेलं होतं ते बघून मेधा सईला घाईघाईनं म्हणाली, “बूट काढ, बूट काढ, खाली बघ.” मी छप्पर बघायला लागलो. तुम्ही मात्र चष्मा सारखा केलात, नीट बघितलंत आणि म्हणालात, “दृष्ट लागू नये म्हणून असणार. आपण काळी बाहुली टांगतो.” मग जरा थांबून, “बाहुलीला रंग कमी लागतो, एवढंच.”

त्या घरात एक आजी होत्या, तुमच्याच वयाच्या. त्यांची मुलगी देचेन, आणि कर्मा. मी समजलो कर्मा मुलगा आणि देचेन सून. देचेनचं हिंदी टीव्हीवरच्या मालिका बघून झालेलं, त्यामुळे तुम्हाला बघून ती आधी जरा दबकूनच होती. सासू म्हणजे काय चीज असते हे तिला मालिकांनी चांगलंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी धीर करून तिनं मेधाला विचारलं, “तुम्हारे यहाँ लड़की सच में सास के घर जाती है? क्यों जाती है?”  क्यों जाती है म्हणजे काय? जाते. मग कळलं, त्यांच्याकडे घर मुलीचं. शेत मुलीचं. मुलगा लग्न करून बायकोच्या घरी येतो आणि त्याला मग्पा म्हणतात. कर्मा हा मग्पा. मेधा म्हणाली, “मैं भी नहीं गई. ये आए मेरे घर.”

“मग्पा?” देचेननं माझ्याकडे बोट दाखवलं. तिनं ते आजींना सांगितलं आणि आजींच्या सुरकुत्यांचं जाळं एकदम उजळलं. कर्मानं तर मला मिठीच मारली. स्वतःच्या छातीवर हात ठेवून “मग्पा”, माझ्या छातीवर हात ठेवून “मग्पा”. आयुष्यात पहिल्यांदा या गोष्टीसाठी कोणी माझं अभिनंदन केलं, बाई. पुण्यापासून इतकं लांब जाऊन दोन दरडींमधे अडकावं लागलं त्यासाठी.

तुम्ही त्या वेळी देचेनला काय काय विचारत होतात ते मला आठवतंय. कर्मा पहिल्यांदा घरात आला तेव्हा काय केलं? कोण कोण आलं होतं? दारात काय ठेवतात? देचेन सांगत होती, की सगळा गाव जमला, दाराच्या एका बाजूला पाण्याचं भांडं, एका बाजूला दुधाचं, गळ्यात पांढरं उपरणं, आणि मग मग्पा आत. तुम्ही मान डोलावत ऐकत होतात. मला वाटलं, चालू झाला बाईंचा तास. लोकजीवन, पोशाख, चालीरीती.

आणि ते जेवण! लाल भात आणि चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मिरची तोंडी लावायला नाही, मिरचीचीच भाजी. लोणी आणि मीठ घातलेला चहा. “हा चहा नाही असं समजून प्या, दिलीपराव, म्हणजे जाईल.” त्यांच्याकडे पाहुण्यानं तोंडावर हात धरून आधी नको-नको म्हणायचं असतं, ती सभ्यता. वाढणाऱ्यानं तरी वाढायचं, ती माया. आपल्याकडे नको म्हणजे नको, विषय संपला. तुम्ही ताटलीवर हात धरून खणखणीत “नको” म्हणायचात आणि आजींना वाटायचं काय संस्कारी बाई आहे! की आणखी एक डाव. ताटात टाकायचं नाही हा तुमचा नियम. तुम्ही तुमच्या नियमात आणि त्या त्यांच्या, कोणीच हटायला तयार नाही.

तिसरा दिवस असेल. पाऊस थांबायचं नाव घेईना. एका खोलीत एका शेगडीभोवती आपण सगळे. सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास. सईचं मोबाइलचं चार्जिंग संपलेलं, मेधा कोणाशीच बोलत नव्हती. आजींनी मला हातानं खूण केली, जा, कर्माबरोबर लाकडं आण. मी उठलो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “तुम्ही बसा हो दिलीपराव, तुम्हाला कशाला त्रास?”

माझं डोकं फिरलं.

“मी पाहुणा आहे का, बाई?” मी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्यापुढे माझा आवाज चढला होता. “ही परकी म्हातारी मला तिसऱ्या दिवशी लाकडं आणायला सांगते. तुम्ही मला कधी पावशेर मिरच्या आणायला सांगितल्या नाहीत. मानाच्या पाटावर बसवलंत आणि उठूच दिलं नाहीत. दर तीन वर्षांनी जिन्यातून वरात काढता, माणसं हसतात. घरातल्या माणसाला कोणी दाराबाहेर उभं करतं का?”

मेधा म्हणाली, “दिलीप, पुरे.”

“पुरे नाही. सांगतोच आता. परत गेलो की आम्ही धायरीला जाणार. घर बघून ठेवलंय.”

शेगडीत एक ओंडका फुटला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. परीक्षेत कच्चं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.

“बरं,” तुम्ही म्हणालात.

बरं! नुसतं बरं. ‘जाऊ नका’ म्हणाला असतात तर मी हट्टानं गेलो असतो. ‘जा’ म्हणाला असतात तर रागानं गेलो असतो. ‘बरं’ला धरता येत नाही आणि सोडता येत नाही. मग तुम्ही एवढंच म्हणालात, “खाली उभं राहून तुम्हाला काय दिसतं ते मला माहीत नव्हतं. मला वरून जे दिसतं...” आणि तेवढ्यात आजी आल्या. आपण जेवणावरून भांडतोय असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तुमच्या ताटलीत मिरच्यांचा मोठा डाव ओतला. तुम्ही “नको” म्हणालात. त्यांनी आणखी एक ओतला. तुम्ही खाली मान घालून सगळं संपवलंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं असेल, असं मी तेव्हा धरून चाललो.

वाक्य राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी लाकडं घेऊन आत आलो तेव्हा तुम्ही, आजी आणि मधे देचेन अशा बसला होतात. देचेन मला बघून हसली. म्हणाली, आई सांगतेय, आमचा मग्पापण पहिली वर्षं दाराजवळच बसायचा. मग एकदा आईनं त्याला चांगला झाडला. तेव्हापासून चुलीजवळ बसायला लागला. मी ओल्या पायांनी दारातच उभा होतो. 

रस्ता उघडला. थिंफू बघितलं. चौकात सिग्नल नाही, पांढऱ्या हातमोज्यांचा पोलीस नाच केल्यासारखे हात हलवतो आणि सगळ्या गाड्या त्याचं ऐकतात. तुम्ही कितीतरी वेळ बघत उभ्या. मग परतीचा प्रवास. बंगालमध्ये कुठल्याशा धाब्यावर चहा पिऊन गाडीत बसलो आणि तुम्ही कडाडलात, “दिलीपराव, ते मागचं दार नीट लावा. किती वेळा सांगायचं माणसाला?”

मेधानं आणि सईनं एकमेकींकडे बघितलं. मी खाली उतरून दार लावलं. त्याआधी तुम्ही मला दाराबद्दल एकदाही काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काय सुरुवात झाली, बाई! “कोथिंबीर आणा, आणि शिळी नको, मागच्या वेळी तुमच्या गळ्यात मारली होती.” “ओला टॉवेल खुर्चीवर? खुर्चीला सर्दी होते.” “गॅस आलाय, वर घ्या.” मी वैतागायचो. वैतागून बनियनवर गॅलरीत जाऊन उभा राहायचो. धायरीचा फ्लॅट घेतला, पण सईची दहावी, मग तुमचा मोतीबिंदू, मग करोना. भाडेकरू ठेवला. एकदा मेधा म्हणाली, “तुला जायचंय ना?” मी म्हणालो, “जाऊ की.” आणि तुम्ही आतून ओरडलात, “जाण्याआधी दळण आणा.”

मी सुखी होतो असं म्हणणार नाही. तुम्हाला खोटं चालायचं नाही. तीन खोल्यांत तुमच्या खोकल्याचं वेळापत्रक मला पाठ होतं आणि माझ्या घोरण्याचं तुम्हाला. कधी कधी नुसता जीव घुसमटायचा. ऑफिसातून निघून नदीकाठी गाडी लावून बसून राहायचो, मग घरी यायचो. तुमच्यामुळे अडकलो हे खरं आहे. ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

पण एक गोष्ट बदलली नाही. धोंड्याचा महिना आला की “कपडे करा आणि खाली जाऊन या.” करोनाच्या वर्षीसुद्धा, तोंडाला मास्क लावून! मला कळेना. एवढं घरातलं करून टाकलंत, आता रोज शिव्या खातो, मग हे कशाला? भूताननंतर फक्त एक भर पडली होती. दाराच्या एका बाजूला पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या बाजूला दुधाचा. मला वाटलं, दूध चहाचं असेल, मांजराच्या भीतीनं बाहेर ठेवलं असेल. आणि तुम्ही दारात. “या. घर सापडलं ना?” मी नेहमीसारखा गप्प.

यंदाचा धोंडा तोंडावर आला होता. तुम्ही तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून, गूळ घालून अनारशाचं पीठ तयार करून ठेवलंत आणि दुपारी वामकुक्षीला आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. पिठाचा स्टीलचा डबा फडताळात तसाच आहे. मेधानं अग्नी दिला. मी मागे उभा होतो. मेधा एकदाही रडली नाही, डबा बघितल्यावर रडली.

आज सकाळी साठेकाकू आल्या. आता त्यांनाही जिना होत नाही, कठडा धरून धरून वर आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “आता यंदा आम्हाला चपला उचला म्हणून कोण सांगणार हो?”

“कसल्या चपला?”

“अहो, तुम्हाला माहीत नाही? धोंड्याला तुम्ही यायचात ना. आदल्या संध्याकाळी बाई दारोदार जायच्या. ‘उद्या अकराला आमचे जावई येणार आहेत, चपला जिन्यात नकोत. दारं उघडी ठेवा, आणि दारात उभे राहा.’ जिना धुऊन घ्यायच्या.”

मी म्हणालो, “पण तुम्ही हसायचात.”

“पहिल्या वर्षी हसलो की. देशपांडे तर म्हणाले होते, घरजावयाला कसलं आलंय आमंत्रण, जावई म्हणजे आधीच दहावा ग्रह, त्यात हा घरात येऊन बसलेला. बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘ग्रह किती ते मी शिकवते, तुम्ही नका शिकवू.’ आणि मग म्हणाल्या...” काकूंनी पदरानं डोळे टिपले. “म्हणाल्या, ‘सुनेला वाजतगाजत आणतात, माप ओलांडायला लावतात, सगळी आळी बघते, म्हणून ते घर तिचं होतं. हा मुलगा माझ्या घरी आला तेव्हा काही वाजलं नाही. एक भिजकी बॅग घेऊन एकटा जिना चढला, आणि मी दारात त्याला पायपुसणं दाखवलं. ते माझं राहिलंय. म्हणून दर खेपेला नव्यानं आणते. हसायचं असेल त्यानं दार लावून हसावं.’ त्यानंतर कोणी हसलं नाही हो. आम्ही उभे राहायचो ते तुम्हाला बघायलाच. तुम्ही मात्र मान वर करून कधी बघितलं नाहीत.”

काकू गेल्या. 

म्हणजे भूतानात अर्धं राहिलेलं वाक्य हे होतं. मग सांगायला काय झालं होतं, बाई? आजी डाव घेऊन निघून गेल्यावर, घाटात, गाडीत, नंतर एवढ्या वर्षांत कधीही? भाजीच्या देठावरून तुम्ही मला तासभर बोलायचात. हे एक वाक्य तुम्हाला जड झालं? आणि मीही एवढा दगड, की तो दुधाचा तांब्या बघून मांजर आठवलं, देचेन नाही आठवली.

दुपारी एजंटचा फोन आला. धायरीचा भाडेकरू महिनाअखेर सोडतोय, तुम्ही स्वतः राहायला येताय ना? मी म्हणालो, नाही, दुसरा बघा. मेधा आतून ऐकत होती.

मग मी इस्त्रीचा शर्ट घातला. सई म्हणाली, “बाबा, कुठे निघालास?” मी म्हणालो, “आलोच.” धोंडा अजून लागलेला नाही, घरात सणवार करायचे नाहीत, सगळं मला कळतं. नुसता कोपऱ्यापर्यंत गेलो. इस्त्रीवाल्यापाशी उभा राहिलो आणि वर बघितलं. आपली गॅलरी तिथून सरळ दिसते, बाई. तुम्ही तिथे उभ्या राहून मला बघत असणार, दर वेळी, मी निघालो की नाही ते. मी कधी मान वर केली नाही.

परत फिरलो. जिन्यात चपलाच चपला होत्या, आज कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. दारं बंद होती. तिसऱ्या मजल्यावर आलो. किल्ली खिशात होती तरी बेल वाजवली. मेधानं दार उघडलं आणि माझ्या शर्टाकडे बघून तिच्या लक्षात आलं. ती बाजूला झाली. दारातला तो प्रश्न तुम्हीच विचारायचा असतो.

मी उंबऱ्याबाहेर थांबलो. तुमचा प्रश्न ऐकू येईपर्यंत थांबलो.

“हो बाई,” मी म्हणालो, “सापडलं.”